कल्ब्याची सोळा वर्षे

१९३६ साली ब्रिटिश सरकारने अरबस्तानच्या पूर्व टोकावरच्या एका नव्या राज्याला मान्यता दिली. राज्य म्हणजे ओमानच्या आखातावरचे एक गाव, त्यामागचे खजुरीचे मळे, तिवरांनी भरलेली एक खाडी आणि हजर पर्वतातून समुद्राकडे उतरणाऱ्या कोरड्या ओढ्यांची काही खोरी. गावाचे नाव कल्बा. तिथे तेल सापडलेले नव्हते, आरमार थांबावे असे बंदर नव्हते, तिथल्या शेखाने कुठली मोठी लढाईही मारली नव्हती. पण लंडन-कराची मार्गावरचे विमान वाटेत अडचणीत आले, तर उतरायला तिथे सपाट जमीन होती.

हे राज्य जेमतेम सोळा वर्षे टिकले. आखाती देशांच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकतात. मला मात्र वाटते, ब्रिटिश संरक्षणाखालचा शेख म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला कुवेत किंवा अबू धाबीपेक्षा कल्बा अधिक उपयोगी आहे. मोठ्या राज्यांच्या कथेत तेलाचा पैसा इतका येतो, की मान्यता देणारा हात त्यात झाकला जातो. कल्ब्यात झाकायला काही नव्हते. राज्य कशासाठी झाले, त्याची गादी कोणाला नाकारली, कोणाला दिली आणि शेवटी ते का मिटवले, हे सगळे तिथे उघड्यावर दिसते.

या हाताचे मूळ शोधत गेले तर आपण मुंबईला येऊन पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शारजा आणि रास अल खैमा इथल्या कासिमी घराण्याची जहाजे आखाताच्या तोंडावर प्रबळ होती. ईस्ट इंडिया कंपनी त्यांना चाचे म्हणे. १८०९ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्यावर एक मोहीम पाठवली, तिने फारसे साधले नाही. १८१९ च्या नोव्हेंबरात दुसरी निघाली, सुमारे तीन हजार फौजेची. तिचा सेनापती विल्यम ग्रँट कीर. पेशवाई बुडून दीड वर्षही झाले नव्हते, आणि याच कीरने त्या वर्षाच्या सुरुवातीला सावंतवाडीवर चढाई करून रेडीचा किल्ला घेतला होता. कोकणातून मोकळा झालेला तो सेनापती गोऱ्या पलटणी आणि मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई घेऊन रास अल खैमासमोर उतरला. डिसेंबरात शहर पडले, किनाऱ्यावरची गलबते जाळली गेली आणि जानेवारी १८२० मध्ये एकेक शेख येऊन तहावर शिक्का उठवून गेला.

कासिमी खरोखर चाचे होते का, यावर वाद आहे. १९७२ पासून शारजावर राज्य करणारे सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ साली एक ग्रंथ लिहून, चाचेगिरीचा आरोप हा कंपनीचा बहाणा होता, व्यापार हातात घेणे हा खरा हेतू होता, अशी मांडणी केली. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या दप्तरखान्यातली कागदपत्रे धुंडाळली. ते स्वतः त्या घराण्याचे, त्यामुळे त्यांचा कल कुठे असणार हे उघड आहे. तरीही कंपनीने शत्रूला दिलेले नाव इतिहासाने तसेच्या तसे उचलावे, हे मला पटत नाही. आपल्याकडे आंग्र्यांच्या बाबतीत हेच झाले होते.

पुढे १८५३ मध्ये समुद्रावरची लढाई कायमची बंद करण्याचा करार झाला. त्यावरून या किनाऱ्याला इंग्रज ‘तहाचा किनारा’ म्हणू लागले. १८९२ मध्ये आणखी एक करार झाला आणि शेखांनी लिहून दिले, की ब्रिटिशांखेरीज कोणत्याही सत्तेशी आम्ही बोलणी करणार नाही, कोणाला जमीन विकणार नाही की गहाण ठेवणार नाही. बदल्यात संरक्षण. सारा व्यवहार इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशेहर इथे बसणारा ब्रिटिश रेसिडेंट पाहायचा. १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारचा नोकर होता, नंतर हिंदुस्थान सरकारचा. बाजारात चालायचा तो रुपया. आखातातले मोती मुंबईला यायचे, इथे त्यांची पारख आणि विक्री व्हायची, आणि त्या भावावर दुबईतल्या पाणबुड्याचे वर्षभराचे कर्ज फिटायचे किंवा वाढायचे.

या व्यवस्थेत शेख होण्यासाठी टोळीचा पाठिंबा लागे, हातात तलवारी असाव्या लागत, पाहुण्यांना आणि माणसांना देण्यापुरता पैसा असावा लागे. पण १८९२ नंतर आणखी एक गोष्ट लागू लागली, ती म्हणजे रेसिडेंटची मान्यता. ती असेल तर तुमच्याशी करार होई, नसेल तर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी हद्दीतले गावकरी. कल्ब्याचा शेजारी फुजैरा याने हे फार वर्षे भोगले. तिथल्या शर्की टोळीने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शारजाचे वर्चस्व झुगारले होते, प्रत्यक्षात ती स्वतंत्र होती. ब्रिटिशांनी मात्र तिला अर्धशतक दाराबाहेर उभे ठेवले. १९२५ मध्ये तर गुलामांच्या व्यापाराच्या एका प्रकरणावरून रॉयल इंडियन मरीनच्या ‘लॉरेन्स’ या जहाजाने फुजैराच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. बुरूज ढासळले. म्हणजे शिक्षा करताना तिथला शेख जबाबदार धरला गेला, पण करार करताना तो कोणीच नव्हता.

कल्ब्याची स्थिती काहीशी अशीच होती. गाव जुने. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात ते घेऊन तिथे गढी बांधली होती. गोव्यात पोर्तुगीज दप्तराचा अधिकारी असलेल्या अंतोनियु बुकारू याने १६३५ साली पूर्वेकडच्या पोर्तुगीज किल्ल्यांचे जे सचित्र पुस्तक सिद्ध केले, त्यात या छोट्या गढीचेही चित्र आहे. पुढे हा किनारा कासिमींकडे आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्यातल्या माजिद बिन सुलतान याच्याकडे कल्बा जहागिरीसारखे सोपवले गेले, नंतर त्याचा मुलगा हमद, मग नातू सईद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून सईद बिन हमद कल्ब्याचा धनी होता. कागदावर तो शारजाच्या शेखाचा माणूस. पण शारजा आणि कल्बा यांच्यामध्ये हजर पर्वताची भिंत होती, उंटावरून खिंडीतून यायला दिवस लागत. शारजाच्या शेखाचा हुकूम त्या भिंतीपलीकडे फारसा पोहोचत नसे. सईदही बराच काळ पलीकडे अजमानला राहायचा आणि कल्ब्याचा रोजचा कारभार बारूत नावाचा त्याचा गुलाम सांभाळायचा. हे नाव लक्षात ठेवावे.

आता विमानांकडे वळू. इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा १९२९ च्या मार्चमध्ये सुरू झाली. आखातात ती इराणच्या काठाने जायची: बुशेहर, लिंगे, जास्क. रझा शाहला आपल्या जमिनीवरून ब्रिटिशांची विमाने उडणे रुचेना, आणि १९३२ मध्ये ती परवानगी संपली. मार्ग अरब किनाऱ्यावर हलवावा लागला. कुवेत आणि बहारीननंतर एक मुक्काम हवा होता, जिथे प्रवासी रात्री झोपतील आणि विमानात इंधन भरता येईल.

किनाऱ्यावरचे शेख याला सहज तयार झाले नाहीत. शंभर वर्षे इंग्रज समुद्रावर होते, जमिनीवर त्यांचे पाऊल नव्हते. शेखांना आणि त्यांच्या भाऊबंदांना भीती होती, की एकदा तळ पडला की इंग्रज घरातल्या कारभारात, विशेषतः गुलामांच्या प्रश्नात, हात घालेल. शेवटी शारजाचा शेख सुलतान बिन सक्र याने जुलै १९३२ मध्ये करार केला. जागेचे भाडे महिना आठशे रुपये आणि शेखाला स्वतःला महिना पाचशे. आज ही रक्कम किरकोळ वाटेल, पण तो काळ आठवावा. जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिमरीत्या पिकवलेले मोती यांनी आखाताचा मोत्यांचा धंदा मोडला होता. ज्या गावांत उन्हाळ्यात सगळे पुरुष मोती काढायला जात, तिथे सावकार दारात बसले होते. दरमहा न चुकता येणारे तेराशे रुपये ही शेखाच्या हातातली मोठी सत्ता होती. भाऊबंदांना गप्प बसवायला आणि टोळ्यांना बांधून ठेवायला याच पैशाची गरज असे.

५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘हॅनो’ हे चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे प्रचंड विमान शारजाच्या वाळूत उतरले. प्रवाशांसाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले, भिंतींना बंदुकीसाठी जंग्या ठेवल्या. शारजाहून पुढचा टप्पा ग्वादर, मग कराची. या टप्प्यात आधी हजर पर्वत ओलांडायचा आणि मग उघडा समुद्र. ही विमाने ताशी शंभर मैलांच्या आसपास चालत. समोरून वारा लागला, एखादे इंजिन रुसले, तर मागे वळून पुन्हा डोंगर चढण्यापेक्षा डोंगराच्या अलीकडे, समुद्राकाठी उतरायला जागा असणे शहाणपणाचे होते. ही भीती खरी होती. मार्च १९४० मध्ये ‘हॅनिबल’ हे याच जातीचे विमान हिंदुस्थानातून शारजाकडे येताना ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. त्यात मद्रासचे पुढारी सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. विमानाचा अवशेष आजवर मिळालेला नाही.

डोंगरापलीकडची ती जागा म्हणजे कल्बा. पण तिथल्या जमिनीसाठी करार करायचा कोणाशी? शारजाच्या शेखाशी केला, तर त्याची सत्ता तिथे चालत नव्हती. सईदशी केला, तर तो मान्यताप्राप्त शेख नव्हता. रेसिडेन्सीने सरळ मार्ग काढला. १९३६ मध्ये सईद बिन हमद याला स्वतंत्र शेख म्हणून मान्यता दिली, इतर शेखांनी करून दिलेल्या करारांची बंधने त्याच्याकडून मान्य करून घेतली आणि कंपनीच्या विमानांना उतरण्याचा हक्क मिळवला. फुजैराचा शेख पस्तीस वर्षे जे मागत होता, ते त्याच्या शेजाऱ्याला धावपट्टीच्या बदल्यात मिळाले. फुजैरात सपाट जमीन नव्हती असे नाही. गरज एकाच जागेची होती आणि ती कल्ब्यात भागली.

सईदला हे सुख वर्षभरही लाभले नाही. १९३७ च्या एप्रिलअखेर तो कल्ब्यात अचानक वारला. मुलगा हमद अज्ञान होता. अशा वेळी या किनाऱ्यावर काय होते ते सगळ्यांना माहीत होते. शारजाचा शेख, रास अल खैमाचा शेख, फुजैराचे शर्की, सगळ्यांचे डोळे कल्ब्यावर लागणार. सईदची मुलगी आयेशा हिने कल्ब्याला धाव घेतली आणि गावाच्या बचावाची व्यवस्था स्वतः लावली. बाप नुकताच गेलेला, भाऊ लहान. अशा वेळी तिने गढी आणि माणसे हाती धरून ठेवली म्हणून कल्बा त्या आठवड्यांत कोणाच्या घशात गेले नाही. ब्रिटिश कागदपत्रांत या स्त्रीचे नाव आले आहे ते अडचणीचा एक प्रसंग म्हणून. माझ्या मते त्या सोळा वर्षांत कल्ब्याला राज्यपण दिले असेल तर ते तिने.

मग गावातली प्रतिष्ठित माणसे जमली. हमद वयात येईपर्यंत कारभार कोणी पाहायचा? त्यांनी बारूतला निवडले. सईदच्या हयातीत गाव चालवणारा तोच होता. खजुरीच्या मळ्यांचा वसूल, पाण्याच्या पाळ्या, डोंगरातल्या टोळ्यांचे रुसवे, हे त्याला ठाऊक. शेखांच्या घरातले गुलाम हे पुष्कळदा शस्त्र बाळगणारे, किल्ल्याची किल्ली ज्यांच्याकडे असते असे विश्वासू लोक असत, त्यामुळे ही निवड तिथल्या रीतीला सोडून नव्हती. आणि भाऊबंदांपैकी कोणी नेमला तर तो उद्या मुलाला बाजूला सारून स्वतः बसेल ही भीती असायची, ती बारूतकडून नव्हती. गुलाम शेख होऊ शकत नव्हता, म्हणूनच तो मुलाची गादी राखणारा सर्वांत भरवशाचा माणूस होता. कल्ब्याच्या माणसांनी हा विचार केला असेल तर तो अगदी पक्का होता.

ब्रिटिशांनी ही निवड मान्य केली नाही.

इथे थांबून दोन गोष्टी शेजारी ठेवायला हव्यात. याच सरकारच्या जहाजाने बारा वर्षांपूर्वी, गुलामीविरुद्ध म्हणून, शेजारच्या फुजैरावर तोफा चालवल्या होत्या. शारजातल्या ब्रिटिश एजंटाच्या कचेरीत पळून आलेल्या गुलामांना मुक्ततेचे दाखले मिळत. आणि जेव्हा एका गावाने आपल्या इच्छेने एका गुलामाला स्वतःचा कारभारी केले, तेव्हा त्याच सरकारला तो चालला नाही. त्याला मुक्त करून नेमणूक कायम करता आली असती. तसा विचार झाला नाही, कारण प्रश्न बारूतच्या स्वातंत्र्याचा नव्हताच. रेसिडेंटला विमानतळाच्या करारावर सही टिकवणारा, शेख घराण्यातला माणूस हवा होता.

तो मिळाला खालिद बिन अहमद याच्या रूपाने. हा कासिमी, १९१४ पासून १९२४ पर्यंत शारजाचा शेख. त्याला हुसकावूनच सुलतान बिन सक्र शारजाच्या गादीवर बसला होता. तेरा वर्षे खालिद गादीविना होता, पण दमला नव्हता, आतल्या भागातल्या बेदूंमध्ये त्याचा शब्द चाले. १९३७ मध्ये तो कल्ब्याचा पालक कारभारी झाला आणि पुढची तेरा-चौदा वर्षे कल्ब्याचा खरा धनी तोच. डोंगरातल्या खोऱ्यांवरही त्याने आपला वचक बसवला. ज्याच्याकडून शारजा गेले, त्याने शारजाच्याच पाठीमागे दुसरे राज्य उभे केले. १९३८ मध्ये त्याने तेल शोधण्याचा करारही केला, इराक पेट्रोलियमच्या पोटातल्या त्याच कंपनीशी जिने किनाऱ्यावरचे बाकीचे शेख एकेक करून बांधून घेतले. कल्ब्यात तेल काही निघाले नाही, पण कराराचे पैसे आले.

महायुद्ध आले. शारजाचा तळ रॉयल एअर फोर्सने वापरला, विमाने बदलली, लांबचा पल्ला एका दमात गाठू लागली. डोंगरापलीकडच्या आपत्कालीन पट्टीची किंमत उतरत गेली. मग १९४७ उजाडले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि सव्वाशे वर्षे मुंबई, कलकत्ता आणि दिल्लीहून चाललेला आखाताचा कारभार लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे गेला. रुपया मात्र तिथल्या बाजारात पुढे दोन दशके टिकला. लंडनच्या नव्या अधिकाऱ्यांपुढे आता प्रश्न तेलाचा होता, म्हणजेच हद्दींचा. कोणत्या दगडापर्यंत कोणाची जमीन, हे ठरल्याशिवाय कंपन्यांना खोदता येत नव्हते. लहान लहान शेखांची संख्या वाढवणे कोणालाच नको होते.

खालिद म्हातारा झाला, बाजूला झाला. हमद बिन सईद, ज्याच्यासाठी आयेशाने गाव धरून ठेवले होते, तो आता तरुण होता आणि गादीवर आला. १९५१ मध्ये कासिमी घराण्यातल्याच सक्र बिन सुलतान याने त्याचा खून केला आणि कल्बा बळकावले. बारूतला नाकारताना जी भीती कोणी विचारात घेतली नव्हती, ती चौदा वर्षांनी अशी खरी ठरली: मुलाच्या जिवावर घराण्यातलाच माणूस उठला.

ब्रिटिशांनी खुन्याला मान्यता दिली नाही. हे योग्यच झाले. पण त्यांनी हमदच्या कोणा वारसाचा किंवा कल्ब्याच्या लोकांचा शोधही घेतला नाही. १९५२ मध्ये सक्रला बाहेर काढून कल्बा पुन्हा शारजाला जोडले गेले. सोळा वर्षांपूर्वी दिलेले राज्यपण परत घेतले गेले, आणि कारण तेच होते. १९३६ मध्ये कल्ब्याची गरज होती, १९५२ मध्ये नव्हती. त्याच १९५२ च्या मार्चमध्ये फुजैराला मात्र मान्यता मिळाली, तहाच्या किनाऱ्यावरचे शेवटचे राज्य म्हणून. शेख मुहम्मद बिन हमद अल शर्की याच्या घराण्याने त्यासाठी पन्नास वर्षे वाट पाहिली होती. आता तेल कंपनीला त्या बाजूला काम करायचे होते आणि सहीसाठी शेख हवा होता.

पन्नाशीच्या दशकात ज्युलियन वॉकर नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी या डोंगरांतून हिंडला. गावोगाव म्हाताऱ्यांना विचारत गेला, तुमचे पूर्वज जकात कोणाला देत होते, या विहिरीवर कोणाचे उंट पाणी पीत. त्यावरून त्याने हद्दींचा नकाशा केला. आज संयुक्त अरब अमिरातीच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा पाहिला तर दिब्बा, खोर फक्कान आणि कल्बा हे शारजाचे तीन तुकडे फुजैराच्या जमिनीत वेगवेगळे पडलेले दिसतात, खोऱ्याखोऱ्यांत रेषा मुरडतात. कल्ब्याची हद्द तर फुजैराच्या अंगालाच लागलेली.

डिसेंबर १९७१ मध्ये ब्रिटिश गेले आणि संघराज्य झाले. फुजैरा त्यात स्वतःच्या झेंड्यासह सामील झाले, कल्बा शारजाचा भाग म्हणून. सहा महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, कल्ब्याजवळच्या एका बागेच्या मालकीवरून दोन्ही बाजूंच्या माणसांत गोळीबार सुरू झाला. बाग एकराचीही नव्हती. सुमारे वीस माणसे मेली, आणि नव्या संघराज्याच्या फौजेला मध्ये पडून ती जागा ताब्यात घ्यावी लागली.